धुऱ्याच्या डाव्या अंगाला

कुंताबाईला पहिला संशय आला तो भातावरून.

बाबूलाल जेवून उठला की ताटात भात उरायचा. यात नवल काही नव्हतं. माणूस नागपूरच्या दवाखान्यातून परतलेला, तोंडाची चव गेलेली. पण भात उरायचा तो रोज एकाच जागी, ताटाच्या डाव्या अर्ध्यात. मधोमध कोणी बोटानं रेघ ओढून ‘इथवरच’ असं बजावलं असावं, तसा. उजवी बाजू चाटूनपुसून साफ. आणि वर हा बाबा ओरडायचा, “भात संपला काहून व? एवढुसाच रांधला का?”

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, बिमारीनं माणूस चिडखोर झाला आहे, आणि गप्प बसली असती. कुंताबाई तशी नव्हती. एखादी गोष्ट का होते हे कळेपर्यंत तिला चैन पडायचं नाही. माहेरी याच खोडीपायी तिनं आईच्या हातचा मार खाल्ला होता आणि खोड तशीच घेऊन बपेऱ्याला नांदायला आली होती. तिनं एक दिवस काही न बोलता ताट हळूच अर्धं फिरवून ठेवलं. बाबूलालनं खाली पाहिलं.

“आता कसा वाढला? मघा काहून लपवून ठेवला होता?” असं म्हणून तो उरलेला सगळा भात मिटक्या मारत जेवला.

कुंताबाई हातातला पळा तसाच धरून बघत राहिली.

मागची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, आटोपत आली होती. एका सकाळी चहा पिताना बाबूलालचं तोंड वाकडं झालं आणि डावा हात मांडीवरून लाकडासारखा खाली पडला. गावात कोणी म्हणालं लकवा आहे, झाडपाल्याचा लेप लावा. कोणी म्हणालं नजर लागली. मुलगा धनंजय मालगाडी चालवायचा, म्हणजे लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात ती चारचाकी. त्यानं कोणाचं ऐकलं नाही. बापाला गाडीत घातलं आणि तुमसर, भंडारा मागे टाकत थेट नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी जांघेतल्या नसेतून तार घातली, ती डोक्यापर्यंत नेली आणि अडकलेली रक्ताची गाठ ओढून बाहेर काढली. संध्याकाळी बाबूलालचा हात हलला. आठव्या दिवशी तो स्वतःच्या पायानं घरी आला.

ही तारेची गोष्ट बाबूलालनं गावात इतक्यांदा सांगितली की लोकांना ती पाठ झाली. गळानं मासा काढावा तशी गाठ काढली म्हणायचा. डॉक्टरनं ती धनंजयला दाखवली होती, भाताच्या शितापेक्षा जराशी मोठी, काळपट लाल. म्हातारे लोक यायचे, आधी त्याच्या जांघेकडं बघायचे, मग डोक्याकडं, आणि तोंडात बोट घालायचे. “आंग न फाडता?” “आंग न फाडता!” बाबूलालची छाती फुगायची.

तशी त्याची छाती फुगायची जुनी सवयच होती, आणि तिला कारणही तसंच होतं. बपेऱ्यात आणि आसपासच्या चार गावांत उभ्या धानाचा अंदाज सांगावा तो बाबूलालनंच. धुऱ्याच्या, म्हणजे शेतातल्या बांधाच्या, टोकाला उभं राहायचं, शेतात पाऊल टाकायचं नाही, एकदाच नजर फिरवायची आणि आकडा बोलायचा, इतक्या खंडी. मळणी झाली की माप अर्ध्या खंडीपेक्षा इकडंतिकडं व्हायचं नाही. भावाभावांच्या वाटण्या, बटईदार आणि मालकाचे तंटे त्याच्या आकड्यावर मिटायचे. आकडा बोलला की दोन्ही बाजूंनी एकेक लोंबी तोडून त्याच्या हातात द्यायची. दोन लोंब्या हातात पडल्या की त्यावर पुन्हा बोलणं नाही. पस्तीस वर्षांत त्यानं एकही आकडा मागं घेतला नव्हता. बाकी त्याच्याकडं होतं काय? धानाच्या तीन बांध्या, म्हणजे बांध घातलेले तीन तुकडे, आणि दोन बैल. मान होता तो या डोळ्याचा.

तर असा डोळ्याचा माणूस अर्धं ताट टाकून उठत होता. कुंताबाईनं आणखी पाहायचं ठरवलं. तंबाखूची चंची त्याच्या उजवीकडं ठेवली, त्यानं लगेच उचलली. दुसऱ्या दिवशी डावीकडं ठेवली, तर सगळं घर डोक्यावर घेतलं. दाढी करून आला की उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्यावर खुंट. गोठ्यात दोन बैल बांधलेले असायचे, पण हा उजवीकडच्याच्या पाठीवर हात फिरवून परत यायचा. जे जे दिसलं ते ती मनात जमवत गेली. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त तिला ते उलगडायचं होतं.

एका दुपारी ती त्याच्याच खाटेवर, त्याच्या डाव्या अंगाला तांदूळ निवडत बसली. सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज चालू होता. बाबूलाल मात्र स्वयंपाकघराकडं तोंड करून हाका मारू लागला, “कुंता! वं कुंता! कोठी गेली ही बाई?” ती एका हातावर बसलेली. उठून ती त्याच्या उजवीकडं गेली तेव्हा तो म्हणाला, “आली का? दिवसभर गावभर हिंडत असते.”

नोव्हेंबर लागला आणि नागपूरहून फोन आला. प्रतीक्षा नावाची मुलगी बोलत होती. गाठ काढलेल्या पेशंटचं तीन महिन्यांनी कसं चाललं आहे, याची ती विचारपूस करायची. धनंजयनं फोन स्पीकरवर टाकला.

“आजोबा, चालता येतं का?”

“दोन कोस चालतो.”

“अंघोळ, कपडे, स्वतःचं स्वतः?”

“मंग का शेजारी येऊन घालून देते?”

मुलगी हसली. दुखतं का, झोप लागते का, उदास वाटतं का, असं एकेक विचारत गेली. बाबूलालनं सगळ्यावर फटाफट उत्तरं दिली. शेवटी ती म्हणाली, “आता एकच. शून्य म्हणजे सगळ्यात वाईट तब्येत आणि शंभर म्हणजे सगळ्यात चांगली. आज तुमची किती?”

आता आकडा विचारला म्हटल्यावर बाबूलालच्या अंगात आलं. तो ताठ बसला, डोळे बारीक केले, जरा वेळ घेतला आणि बोलला, “शंभर.”

तो आकडा बोलताना त्याचा चेहरा असा काही फुलला की कुंताबाईला बघवेना. गेल्या तीन महिन्यांत तिनं त्याला इतकं खुश पाहिलं नव्हतं. फोन ठेवायच्या आत तिनं तो धनंजयच्या हातून घेतला आणि अंगणात गेली.

“बाई, तुमच्या त्या कागदात ताटाचं काई हाये का?”

“ताटाचं? म्हणजे जेवण? स्वतःच्या हातानं जेवतात ना?”

“हाव, हातानंच जेवते. पन अर्धंच ताट जेवते.”

मुलीच्या कागदात असल्या उत्तराला जागा नव्हती. पण पोरगी चौकस निघाली. तिनं कुंताबाईला बोलू दिलं, चंची, दाढी, बैल, खाट, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, मी डॉक्टरांना विचारून उद्या फोन करते.” आणि खरंच केला.

“डोळे चांगले आहेत त्यांचे,” ती म्हणाली. “मार बसला तो मेंदूच्या उजव्या अंगाला. त्यामुळं डावीकडचं समोर असूनही मेंदू त्याची दखल घेत नाही. आणि आपलं काही सुटतंय हेच त्यांना कळत नाही. डावीकडून हाक मारत जा, मान वळवून बघायची सवय लावा. हळूहळू फरक पडू शकतो. पुढच्या महिन्यात घेऊन या, इथं त्याचा सराव शिकवतील.”

“म्हनजे हे भात कमी हाये म्हनते, ते खोटं नाई?”

“नाही हो मावशी. त्यांच्यापुरतं ताट तेवढंच असतं.”

कुंताबाईनं फोन ठेवला. कोडं सुटलं म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. पण आता नवंच ओझं डोक्यावर बसलं. हे त्याला सांगायचं कोणी आणि कसं? शंभर म्हणणाऱ्या माणसाला, बाबा रे, तुझे पन्नासच आहेत, हे सांगायला तिची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता आठ दिवस गेले. ती फक्त ताट फिरवत राहिली आणि मुद्दाम डावीकडून हाका मारत राहिली.

आणि अशातच गोमाजी आला.

गोमाजी आणि श्रावण हे सख्खे भाऊ. त्यांचं दोन एकर धान तलावाकडच्या अंगाला उभं होतं, अजून सामाईकच. श्रावण तुमसरला राइस मिलमध्ये कामाला. हंगामात त्याला सुट्टी मिळत नव्हती. म्हणून ठरलं असं की कापणी-मळणी सगळी गोमाजीनं करायची आणि बाबूलाल जो आकडा सांगेल त्याच्या निम्मं धान श्रावणच्या घरी पोचवायचं. मग पिकलं किती, ओढलं किती, हा वादच नको.

“यंदा राहू द्या ना, भाऊ,” कुंताबाई म्हणाली. “बिमारीतून उठले हाये हे.”

बाबूलाल भडकला. “मले लकवा हाताले मारला होता का डोयाले? उद्या सकाळी येतो गोमाजी. चाय मांडून ठेव म्हना घरी.”

रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. थांबवावं, तर त्याच्या डोळ्याचं सांगावं लागतं. न थांबवावं, तर आकडा कमी निघून श्रावणचं धान जातं, आणि श्रावणच्या घरी लहान लेकरं होती. सकाळी बाबूलाल निघाला तशी तीही पदर खोचून त्याच्यामागं निघाली. बाईमाणूस अंदाजाच्या वेळी धुऱ्यावर येत नसे, पण आजारी माणसाची बायको म्हणून कोणी काही म्हणालं नाही.

रस्त्यापासून तलावापर्यंत एक सरळ धुरा गेलेला होता. त्याच्या उजव्या अंगाला चार बांध्या, डाव्या अंगाला चार. धान पिवळं पडून लोंब्यांच्या भारानं वाकलेलं. गोमाजी आणि एका सकाळपुरता तुमसरहून आलेला श्रावण, दोघं हात बांधून उभे. बाबूलाल धुऱ्याच्या टोकाशी उभा राहिला, एक पाय पुढं टाकला, डोळे बारीक केले आणि नजर फिरवली. कुंताबाई त्याच्या नजरेकडं बघत होती. नजर उजवीकडून निघाली, धुऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

“बारा खंडी,” बाबूलाल बोलला.

दोन एकरांत, असल्या भरल्या धानात, फक्त बाराच खंडी? गोमाजी काही वाईट माणूस नव्हता, पण घरी चालून आलेली लक्ष्मी कोणी परत धाडत नाही. त्यानं घाईघाईनं लोंबी तोडून बाबूलालच्या हातात दिली. श्रावणचा चेहरा उतरला. तो डावीकडच्या बांध्यांकडं बघत होता, मग बाबूलालकडं, मग पुन्हा बांध्यांकडं. बाबूलालजींच्या आकड्यावर बोलायचं कसं? गावात आजवर कोणी बोललं नव्हतं. त्यानं निमूटपणे लोंबीला हात घातला.

“थांब, श्रावण,” कुंताबाई म्हणाली.

तिघांनी तिच्याकडं वळून पाहिलं.

“डाक्टरनं सांगतलं हाये, यायले एका जागी उभं ठेवू नका म्हून. तलावापर्यंत एक चक्कर मारून आनतो. मंग दे लोंबी.”

डॉक्टरनं असलं काही सांगितलं नव्हतं. बाबूलाल पुटपुटला, दात-ओठ खाल्ले, पण चारचौघांत बायकोशी वाद नको म्हणून निघाला. ती त्याच्या मागून धुऱ्यावरून चालू लागली. तलावाच्या पाळीशी पोचल्यावर तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला परत फिरवलं.

बाबूलाल दहा पावलं चालला आणि थबकला. त्याची नजर आता उजवीकडं आलेल्या बांध्यांवर खिळली होती. तो खाली वाकला, एक लोंबी तळहातावर घेतली, बोटानं दाणे चाचपले.

“हा धान कोनाचा व?” त्यानं विचारलं. “भारी पिकवला हाये. कोनाचा वावर हे?”

कुंताबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही.

“तुमीच सांगा,” ती म्हणाली.

बाबूलालनं मान वर केली. धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गोमाजी आणि श्रावण उभे दिसत होते. त्यानं मागं वळून तलावाकडं पाहिलं, पुन्हा पुढं पाहिलं, बांध्या मोजल्या, एक, दोन, तीन, चार. मग तो धुऱ्यावरच खाली बसला.

हातातली गोमाजीची लोंबी तो बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, “मले हा दिसलाच नाई.”

“नाई दिसला.”

“डोये गेले का माहे?”

“डोये चांगले हाये. नागपूरची पोरगी सांगे, डाव्या अंगाचं तुमच्या डोक्यात शिरतच नाई. तुमाले कयतच नाई का तिकडंबी काई हाये म्हून.”

“तुले कधीपासून माहीत?”

“आठ दिस झाले.”

“सांगतलं काहून नाई?”

“तुमी शंभर म्हटलं होतं ना जी,” कुंताबाई म्हणाली. “इतके खुश होऊन म्हटलं होतं. माह्या तोंडातून निंगेच ना.”

बाबूलाल तिच्याकडं बघत राहिला. चिडेल, ओरडेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर काही निराळंच होतं. नवं बियाणं पहिल्यांदा हातात घेऊन बघताना तो असा दिसायचा.

“अजून काय काय सुटून राहिलं माहं?”

“भात.”

“भात? मले वाटे तूच कमी रांधून राहिली!”

“ताट फिरवतो मी रोज. आन एका गालाची दाढी. डावीकडच्या बैलाच्या पाठीवर तर तीन महिने झाले हात नाई फिरवला.”

“म्हून तो मले शिंग दाखवते का?” बाबूलाल म्हणाला आणि त्याला हसू आलं. त्यानं तोंडावरून हात फिरवला, डाव्या गालावरचे खुंट चाचपून पाहिले. मग मान जोर लावून डावीकडं वळवली, आणखी वळवली, आणि बारा खंडीच्या बांध्या बघितल्या. “हाव. आता दिसते. वळून पाहिलं त दिसते.”

“चला, उठा,” ती म्हणाली. “श्रावण उभा हाये.”

ते परत आले. बाबूलालनं हातातली लोंबी गोमाजीपुढं धरली.

“हे घे तुही लोंबी.”

“आकडा त एकडाव बोलला की बोलला, बाबूलालजी,” गोमाजी म्हणाला. “तुमचाच नियम हाये तो.”

“दोन लोंब्या हातात पडल्यावर, गड्या. एकच पडली. अन नियम पुऱ्या डोयाचा होता. मले यंदा अर्धाच वावर दिसला.” एवढं बोलताना त्याला कष्ट पडले. पस्तीस वर्षांचा मान धुऱ्यावर उतरवून ठेवावा लागत होता, आणि तोही गोमाजीसारख्या बडबड्यासमोर. संध्याकाळपर्यंत गावभर होणार हे त्याला माहीत होतं. “उजव्या अंगाची बारा, ते पक्की. डाव्या अंगाची कुंता सांगन.”

“बाई सांगन?”

“चाळीस वर्स झाले धान कापून राहिली. तू जितका धान पाहिला नसशील, तितका तिच्या हाताखालून गेला हाये. बोल व.”

खरं सांगायचं तर कुंताबाई इतकी वर्षं वावरांवरून जाता-येता, बाबूलालनं आकडा बोलायच्या आधी मनातल्या मनात आपला आकडा बोलत आली होती. कधी जुळायचा, कधी चुकायचा. कोणाला सांगायची सोय नव्हती आणि कोणी विचारलंही नव्हतं. आत्ताही पाळीवरून येतानाच तिचा आकडा ठरला होता.

“दहा,” ती म्हणाली. आवाज कापला म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, “दहा खंडी.”

बाबूलालनं डोळे मिटले, उघडले आणि मान हलवली. “बारा अन दहा, बावीस. श्रावणले अकरा.”

श्रावणनं लोंबी तोडली. क्षणभर थांबला, आणि ती बाबूलालच्या ऐवजी कुंताबाईच्या हातात दिली. मग गोमाजीनंही, जरा तोंड पाडून, आपली दिली.

घरी जाताना कुंताबाई बाबूलालच्या डाव्या अंगानं चालत होती आणि तो दर चार पावलांनी मान वळवून ती आहे की नाही ते बघत होता. बघितलं की तिला उगाच लाजल्यासारखं व्हायचं. वळणापाशी तिनं विचारलं, “पाळीवरून येतानी तुमी किती धरली होती मनात?”

“साडेदहा.”

ती रस्त्यातच उभी राहिली. “मंग बोलले काहून नाई?”

“तुले बोल म्हटलं ना. तू बोलली.”

“पन आकडा चुकला त?”

“चुकला त चुकला. तुहा असन नाई त माहा असन.” बाबूलाल म्हणाला. “मळनीत पाहू.”

“दहाच निंगन,” कुंताबाई म्हणाली.

“साडेदहा.”

“दहा! तलावाकडच्या बांधीत पोचट लय हाये, तुमाले नाई दिसलं ते.”

बाबूलालनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि बोटांवर पुन्हा हिशेब मांडला. मळणीला अजून पंधरा दिवस होते, आणि ते कसे निघायचे हे कुंताबाईला कळेना.